ईआरपीनेक्स्टचा स्टॉक विभाग: हिशेब चोख, गोदामातली धावपळ तुमची

गोदामासाठी सॉफ्टवेअर घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपल्याला मालाचा हिशेब ठेवणारा कारकून हवाय, की कोणता खोका कुठून उचलून कुठे ठेवायचा हे सांगणारा मुकादम? विक्रेते दोन्ही एकातच मिळेल म्हणतात. ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्टॉक विभाग पहिलं काम फार चांगलं करतो आणि दुसरं जेमतेम. निराश होणारे बहुतेक जण मुकादम समजून त्याला घेतात.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. जीपीएल ३ परवाना, पायथनमध्ये लिहिलेलं, खाली मारियाडीबी हा डेटाबेस. स्वतःच्या सर्व्हरवर चालवा किंवा होस्टिंग विकत घ्या, स्टॉक विभाग दोन्हीकडे सारखाच मिळतो. बारकोड, बॅच, सिरियल नंबर यांसाठी वेगळी महागडी आवृत्ती घ्यावी लागत नाही, आणि ही सवलत या क्षेत्रात दुर्मीळच. इथला आढावा आवृत्ती १५ चा आहे.

लेजर हीच खरी मिळकत

मालाची प्रत्येक हालचाल कुठल्या तरी कागदावर होते. आवक परचेस रिसीटवर, जावक डिलिव्हरी नोटवर, आतल्या आत माल हलवला तर स्टॉक एन्ट्रीवर, मोजणी केली तर स्टॉक रिकन्सिलिएशनवर. कागद नुसता सेव्ह केला तर शिल्लक हलत नाही. तो सबमिट केला की स्टॉक लेजरमध्ये, म्हणजे मालाच्या वहीत, ओळी पडतात, आणि त्यानंतर आकडा कुणालाही गुपचूप बदलता येत नाही. चूक झाली असेल तर कागद रद्द करायचा आणि दुरुस्त प्रत काढायची. त्या प्रतीच्या नंबराला शेवटी -१ लागतो, म्हणजे दुरुस्ती झाल्याचं सगळ्यांना दिसतं.

एक्सेलवरून आलेल्या माणसाला हा जाच वाटतो. महिनाअखेरीस १२ नगांची तफावत शोधायची वेळ आली की त्याची किंमत कळते. स्टॉक लेजर रिपोर्टमध्ये आयटम आणि गोदाम निवडलं की तारीख, वेळ, कागदाचा नंबर, आत, बाहेर, शिल्लक आणि दर अशी ओळ न् ओळ समोर येते. तफावत सहसा तिथेच सापडते. सापडली नाही तर मसुद्यात अडकलेले कागद बघा. माल गाडीत चढून गेलेला असतो आणि डिलिव्हरी नोट ड्राफ्टमध्येच पडून असते, ही या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात नेहमीची गफलत. रोज संध्याकाळी चारही याद्यांवर ड्राफ्टचा फिल्टर लावून त्या रिकाम्या करणं हे गोदाम बंद करण्याच्या कामाचाच भाग धरावा.

मागच्या तारखेची नोंद ही पुढची मेख. समजा ५ तारखेची आवक टाकायची राहिली आणि २० तारखेला लक्षात आलं. ५ तारीख घालून ती टाकता येते. पण मग त्या आयटमच्या त्या गोदामातल्या ५ तारखेनंतरच्या सगळ्या ओळींची शिल्लक आणि दर नव्याने मोजावे लागतात. मध्ये तो माल दुसऱ्या गोदामात गेला असेल तर तिथलेही. परपेच्युअल इन्व्हेंटरी चालू असेल, म्हणजे मालाची प्रत्येक हालचाल थेट खातेवहीत उतरत असेल, तर तिथल्या नोंदीही बदलतात. हे सगळं काम रिपोस्ट आयटम व्हॅल्युएशन नावाची नोंद पाठीमागे रांगेत लावून करते. ते पूर्ण होईपर्यंत मालाच्या किमतीचा आकडा अर्धवट असतो. ते फसलं तर नोंदीची स्थिती फेल्ड होते, आणि कुणी पाहिलं नाही तर महिनोन् महिने तशीच राहते. म्हणून स्टॉक रिपोस्टिंग सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी कराव्यात: रिपोस्टिंगची वेळ रात्रीची ठेवावी, चूक झाल्यास कोणत्या भूमिकेच्या (रोल, म्हणजे अधिकारगट) लोकांना कळवायचं ते भरावं, आणि आयटमनिहाय रिपोस्टिंग चालू करावं. शिवाय स्टॉक सेटिंग्जमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी गोठवायची सोय आहे. तिथे ३ किंवा ४ दिवस टाकून ठेवा, आणि त्याहून मागे जायचा अधिकार एकाच भूमिकेला द्या. मागच्या तारखांचा सुळसुळाट मग बराच आटोक्यात येतो.

उणे शिल्लक चालू द्यायची सोयही तिथेच आहे. मुळात ती बंद असते आणि बंदच राहावी. ‘माल डोळ्यांसमोर आहे आणि सॉफ्टवेअर देऊ देत नाही’ ही तक्रार आली की कुणीतरी ती खूण करून मोकळं होतं. खरं कारण वेगळंच असतं: माल आला, रॅकवर लागला, पण परचेस रिसीट झालेली नाही. उणे शिल्लक चालू केली की जावक होते खरी, पण कोणत्या दराने झाली याला आधार उरत नाही. पुढे आवक वेगळ्या दराने आली की नफ्याचा आकडा उड्या मारायला लागतो. उपाय दारातच आहे: रिसीट सबमिट झाल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही. आवृत्ती १५ मधली स्टॉक रिझर्व्हेशनची सोय, म्हणजे एखाद्या ऑर्डरसाठी माल राखून ठेवणं, उणे शिल्लक चालू असताना सुरूच करता येत नाही. तेवढ्यासाठी तरी ती खूण काढावी.

एकदाच ठरवायच्या गोष्टी

आयटमवर पहिला व्यवहार झाला की स्टॉकचं एकक बदलता येत नाही. बॅच लावायची की नाही, सिरियल नंबर लावायचा की नाही, हेही नाही. त्यामुळे आयटम मास्टर भरायचं काम घाईत नव्या मुलावर सोपवू नये.

एककाचा नियम साधा आहे: माल ज्या सगळ्यात लहान मापात बाहेर जातो तेच स्टॉकचं एकक. केबल रोलमध्ये येते आणि मीटरवर जाते, तर एकक मीटर, आणि खरेदीसाठी १ रोल = ५० मीटर असं रूपांतर. उलटं केलं तर काय होतं ते पाहा. एकक डझन ठेवलं आणि माल नगावर जायला लागला. १ नग म्हणजे ०.०८३३ डझन, पण दशांश तीनच ठेवलेले असतील तर नोंद ०.०८३ ची होते. १२ नग गेले की ०.९९६ डझन गेले. रॅक रिकामा, आणि पुस्तकात ०.००४ डझन शिल्लक. अशा शेपट्या शेकडो आयटमना लागल्या की त्या साफ करायला वेगळी मोजणी घालावी लागते. नगासारख्या एककावर ‘मस्ट बी होल नंबर’ ही खूण केली की अपूर्णांक आत शिरतच नाहीत.

पुरवठादाराने खोक्यातले नग २४ वरून २० केले तर आयटमवरचं रूपांतर बदलू नका. ‘खोका २०’ असं वेगळं एकक करा, म्हणजे जुन्या आणि नव्या खोक्यांची सरमिसळ होत नाही.

फेरमागणी: गणित बरोबर, भरलेले आकडे जुने

शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की मटेरियल रिक्वेस्ट, म्हणजे माल मागवायची नोंद, आपोआप निघते. त्यासाठी स्टॉक सेटिंग्जमधली खूण करायची आणि आयटमवर गोदामनिहाय पातळी व मागणीचं प्रमाण भरायचं. हे काम दिवसातून एकदा होतं. अनेक गोदामांची एकत्र शिल्लक बघून मागणी एकाच गोदामासाठी काढायचीही सोय आहे, आणि ती उपयोगी आहे.

इथे लक्षात ठेवायचं ते असं, की तुलना हातातल्या शिल्लकीशी होत नाही, प्रोजेक्टेड क्वांटिटीशी होते. तिचं सूत्र असं: हातातली शिल्लक, अधिक ऑर्डर दिलेला पण न आलेला माल, अधिक मागणी नोंदवलेला माल, अधिक उत्पादनात ठरलेला माल, वजा ग्राहकांच्या ऑर्डरींसाठी लागणारा माल. उत्पादनासाठी आणि बाहेरून करून घ्यायच्या कामासाठी राखलेला मालही वजा होतो. सूत्र शहाणपणाचं आहे. पण समजा पातळी २०० आहे आणि मागणीचं प्रमाण ५००. हातात १५०, ग्राहकांच्या ऑर्डरी १२०, आणि ४०० नगांची एक जुनी खरेदी ऑर्डर उघडी आहे, जी पुरवठादार कधीच पूर्ण करणार नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी १५० + ४०० - १२० = ४३०, म्हणजे सगळं आलबेल. प्रत्यक्षात ३० नग मोकळे आहेत. मागणी निघत नाही, रॅक रिकामा होतो, आणि बोल सॉफ्टवेअरला लागतो. ती मेलेली ऑर्डर क्लोज केली की त्याच रात्री ५०० ची मागणी निघते. तूट ५०० पेक्षा मोठी असेल तर मागणी तुटीएवढी निघते.

म्हणून दर आठवड्याला दोन याद्या काढाव्यात: मुदत उलटलेल्या उघड्या खरेदी ऑर्डरी आणि जुन्या मटेरियल रिक्वेस्ट. पहिल्या क्लोज, दुसऱ्या स्टॉप. फेरमागणी नीट चालवायची असेल तर याहून परिणामकारक काम नाही.

पातळी किती असावी हे सुचवणारा ‘आयटमवाइज रेकमेंडेड रीऑर्डर लेव्हल’ रिपोर्ट आहे. रोजची सरासरी जावक गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सुरक्षित साठा. रोज ४० नग, ७ दिवस, सुरक्षित साठा १००, तर पातळी ३८०. पण दिवसांचा आकडा तुम्ही हाताने भरलेला असतो. आधीच्या आवकांवरून सॉफ्टवेअर तो शिकत नाही, आणि रिपोर्टमधली पातळी आयटमवर आपोआप चढतही नाही. ती डेटा इम्पोर्टने चढवावी लागते. हंगामी मालाला सरासरीचा काळ लांब घेतला तर आकडा हमखास चुकतो. मागणीचा अंदाज बांधणारी यंत्रणा म्हणून हा विभाग घेऊ नये.

बारकोड

स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच. तो अंक टाइप करतो आणि शेवटी एन्टर मारतो. एन्टर मारत नसेल तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला सफिक्सचा कोड स्कॅन करून ते लावून घ्यावं. मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास अडचण: संगणकावर देवनागरी कीबोर्ड चालू असेल तर स्कॅनरने पाठवलेल्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरं उमटतात आणि ‘आयटम सापडला नाही’ असं येतं. स्कॅनर बिघडलाय असं समजून तो परत पाठवण्याआधी कीबोर्डची भाषा तपासा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही स्कॅन होतं, मात्र साइट एचटीटीपीएसवर हवी. गोदामातल्या सर्व्हरचा नुसता आयपी पत्ता टाकून साइट उघडली तर ब्राउझर कॅमेरा देतच नाही.

एका आयटमला कितीही बारकोड लावता येतात आणि प्रत्येकाला एकक देता येतं. नगावरच्या कोडला नग, खोक्यावरच्या कोडला खोका. एका स्कॅनला एक खोका धरला जातो. हे भरून घेतलं की आवकेचं काम झपाट्याने होतं. कोड भरताना मात्र एक्सेल घात करतं. ० ने सुरू होणाऱ्या १२ अंकी यूपीसीचं (अमेरिकी मालावरचा बारकोड) पहिलं शून्य ते गिळतं, आणि १५ पेक्षा जास्त अंक असले तर शेवटचे अंक शून्य करून टाकतं. पॅलेटवरचा एसएससीसी, म्हणजे त्या पॅलेटचा ओळख क्रमांक, १८ अंकी असतो, म्हणजे त्याचे शेवटचे तीन अंक गेलेच. स्तंभ आधी टेक्स्ट करा, मग आकडे चिकटवा. बारकोडचा प्रकार ईएएन (दुकानी मालावरचा नेहमीचा कोड) निवडला तर शेवटचा तपासणी अंक सॉफ्टवेअर पडताळतं आणि चुकीचा कोड नाकारतं, त्यामुळे प्रकाराची जागा रिकामी ठेवू नये.

लेबल छापण्याची सोय ब्राउझरच्या प्रिंटमधून आहे आणि गडबड तिथेच होते. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की रेघांची जाडी बदलते आणि स्कॅनर अडखळतो. प्रमाण १०० टक्केच हवं. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) थर्मल प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.१२५ मिमीचा असतो. ईएएन-१३ ची सगळ्यात बारीक रेघ किमान ०.२६४ मिमी हवी, म्हणजे दोन ठिपके (०.२५) कमी पडतात आणि तीन (०.३७५) घ्यावे लागतात. दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून हा कोड ११३ मात्रांचा (मात्रा म्हणजे सगळ्यात बारीक रेघेची रुंदी) होतो, म्हणजे रुंदी ४२.४ मिमी. ४० मिमीच्या लेबलवर तो बसणार नाही. बळेच बसवला तर कोरी जागा कापली जाते आणि वाचन फसतं. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर चार ठिपक्यांची रेघ ०.३३९ मिमीची होते आणि तोच कोड ३८.३ मिमीत बसतो. लेबलचा रोल मागवण्याआधी हे गणित करा.

आता उणीव. एकाच कोडमध्ये जीटीआयएन (मालाचा जागतिक क्रमांक), बॅच आणि मुदत अशी माहिती असलेली जीएस१-१२८ लेबलं आवृत्ती १५ मूळ स्वरूपात उलगडत नाही. स्कॅन केलेली अख्खी ओळ ती बारकोड, सिरियल नंबर किंवा बॅच म्हणून जशीच्या तशी शोधते आणि हात वर करते. औषधं किंवा खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांना त्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहून घ्यावी लागेल. ती फार मोठी नसते, पण तो खर्च आधी धरलेला बरा.

ठेवणं आणि उचलणं

मुकादमाचं काम इथे सुरू होतं आणि घोडं इथेच अडतं.

पुटअवे रूलमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या नियमात, आयटम, गोदाम, क्षमता आणि प्राधान्यक्रम भरला की आवकेच्या वेळी माल कुठे ठेवायचा ते सुचवलं जातं. एक जागा भरली की उरलेला माल पुढच्या जागी. पण क्षमता त्या एका आयटमपुरती मोजली जाते. कप्प्यात ‘अ’ आयटमचे १०० नग मावतात आणि ‘ब’ चेही १०० मावतात असे दोन नियम केले, तर सॉफ्टवेअर त्याच कप्प्यात २०० नग पाठवायला तयार असतं. घनफळ आणि वजन यांचा विचारच नाही. प्रत्येक कप्पा एकाच आयटमला बांधलेला असेल तर ही सोय चालते. मिसळ कप्पे असतील तर बंद ठेवलेली बरी.

कप्पे नोंदवायचे कसे, यावर दोन मतं आहेत. प्रत्येक कप्पा स्वतंत्र गोदाम म्हणून उभा करायचा, किंवा आवृत्ती १४ पासून आलेलं इन्व्हेंटरी डायमेन्शन वापरून रॅक-कप्पा ही फक्त जोड माहिती ठेवायची. पहिल्या पद्धतीत शिल्लक कप्प्यानुसार काटेकोर मिळते, पण माल एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवला तरी स्टॉक एन्ट्री आणि लेजरमध्ये दर आयटममागे दोन ओळी. कप्पे हजारांत गेले की गोदामांचं झाड आणि रिपोर्ट दोन्ही जड होतात. शंभर-दोनशे कप्प्यांपर्यंत पहिली पद्धत निर्धास्त वापरावी. त्यापुढे रॅकपर्यंतच गोदाम ठेवून कप्पा डायमेन्शनमध्ये टाकणं सोयीचं. दोन्ही पद्धतींत नावं शून्यासकट द्यावीत, ए-०१-०३-२ अशी, नाहीतर क्रम लावताना १ नंतर २ ऐवजी १० येतो.

हा क्रम महत्त्वाचा, कारण पिक लिस्ट, म्हणजे उचलायच्या मालाची यादी, मालाची जागा शोधते पण चालायचा रस्ता शोधत नाही. अनेक ऑर्डरींच्या लाटा करून, एका फेरीत सगळ्यांचा माल उचलायची आखणी हे सॉफ्टवेअर करून देत नाही. कप्प्यांची नावं चालण्याच्या क्रमाने दिली आणि छापील यादी त्या क्रमाने लावली, तर निम्मी पायपीट वाचू शकते. उरलेली वाचवायची असेल तर खास गोदाम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लागेल.

पिक लिस्टमधला स्कॅन मोड मात्र जरूर वापरावा. डिलिव्हरी नोटवर थेट स्कॅन केलं, तर ऑर्डरमध्ये नसलेल्या आयटमची नवी ओळ मुकाट तयार होते आणि चुकीचा माल बिनबोभाट बाहेर पडतो. पिक लिस्ट नवी ओळ घेत नाही. स्कॅन मोड चालू असेल तर उचललेली संख्या आपोआप भरली जात नाही, ती स्कॅननेच वाढते. ४८ नग असतील तर ४८ वेळा स्कॅन नको म्हणून संख्या विचारणारी ‘प्रॉम्प्ट क्वांटिटी’ ही खूण आहे. पॅकिंगच्या चुका कमी करायला दुसरं काहीही करण्याआधी एवढं करून बघा.

पॅलेट ही कल्पना मात्र इथे मुळातच नाही. तीन बॅचचे ४० खोके असलेलं एक पॅलेट एका स्कॅनमध्ये इकडून तिकडे नेलं, असं नोंदवता येत नाही. आयटम आणि बॅचनुसार ओळी भराव्या लागतात. माल पॅलेटवरच येतो आणि पॅलेटवरच जातो अशांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

मोजणी

स्टॉक रिकन्सिलिएशन वापरायला सोपं आहे, फसायलाही. गोदामातले आयटम खेचून आणले की संख्येच्या रकान्यात पुस्तकी आकडा आधीच भरलेला येतो. तोच कागद मोजणाऱ्याच्या हातात दिला तर तो मोजेल कशाला? छापताना संख्येचा रकाना कोरा करा.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी ८ ला मोजलं, नोंद दुपारी २ ला केली आणि वेळ तशीच सोडली, तर मधल्या सहा तासांतली जावक पुसली जाते आणि तेवढा माल पुस्तकात फुगतो. तारीख-वेळ बदलायची खूण करून मोजणीचीच वेळ घालायची. ती नोंद मागच्या वेळेची ठरते, म्हणून पुढच्या ओळी नव्याने मोजल्या जातात आणि हिशेब जुळतो. ज्या ओळींत फरक नाही त्या सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं, आणि १०० पेक्षा जास्त ओळी असतील तर काम पाठीमागच्या रांगेत जातं. ‘सबमिट केलं पण शिल्लक बदलली नाही’ असं वाटलं तर थोडं थांबा, दुसऱ्यांदा भरू नका.

लँडेड कॉस्ट व्हाउचरने वाहतूक, जकात वगैरे खर्च मालावर वाटता येतो, पण संख्या किंवा रक्कम या दोनच आधारांवर. वजनावर वाटायचा तर आकडे हाताने घालावे लागतात. डिलिव्हरी ट्रिपमध्ये गाडी, चालक, थांबे आणि गूगल मॅप्सच्या आधारे रस्ता लावून मिळतो. गाडीत किती मावतं आणि ग्राहकाकडे किती वाजता पोचायचं, हे मात्र त्याच्या खिजगणतीत नाही. चार-सहा गाड्यांना ठीक.

इतर यंत्रणांशी जोडणी

रेस्ट एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने इथे नोंदी टाकायचं दार) नीटनेटका आहे आणि प्रत्येक कागद त्यातून तयार करता येतो. जोडणीसाठी वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. ॲडमिनिस्ट्रेटरची किल्ली वाहतूक कंपनीच्या हातात नको.

नेटवर्क तुटलं की खरी परीक्षा होते. समोरच्या यंत्रणेने डिलिव्हरी नोट पाठवली, ती इथे तयार झाली, पण उत्तर परत पोचायच्या आत तार तुटली. समोरची यंत्रणा पुन्हा पाठवते आणि एकाच मालाच्या दोन डिलिव्हरी नोट होतात. ईआरपीनेक्स्ट हे स्वतःहून ओळखत नाही. डिलिव्हरी नोटवर ‘बाहेरचा संदर्भ क्रमांक’ असा कस्टम रकाना घालून तो युनिक करा, म्हणजे दुसरी नोंद नाकारली जाते. वेळेचंही तसंच: सॉफ्टवेअर एका ठरलेल्या टाइमझोनमध्ये चालतं, आणि समोरून यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आली व ती बदलून घेतली नाही, तर मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी चुकीच्या तारखेला पडतात.

सर्व्हरशी नेटवर्क जोडलेलं नसताना काम करायची सोय नाही. गोदामाच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नसेल तर आधी तो प्रश्न सोडवा. सर्व्हरवर शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा भाग) चालू आहे ना, हेही बघत राहा. तो बंद पडला तर पडद्यावर काहीच लाल होत नाही, पण फेरमागणी थांबते आणि रिपोस्टिंगही.

जुन्या आवृत्तीवरून १५ वर येणाऱ्यांनी सिरियल आणि बॅचचा बदल नीट समजून घ्यावा. २०२३ च्या या आवृत्तीआधी सिरियल नंबर कागदाच्या ओळीतच एकाखाली एक लिहिलेले असत. आता त्यांचा वेगळा ‘सिरियल अँड बॅच बंडल’ होतो. मोठ्या संख्येला ही रचना बरी आहे, पण हाताने भरणाऱ्याला एक खिडकी जास्त उघडावी लागते. ते नको असेल तर स्टॉक सेटिंग्जमध्ये ‘यूज सिरियल / बॅच फील्ड्स’ चालू करून जुन्यासारखे रकाने परत मिळतात. जुन्या रकान्यातून थेट वाचणारे तुमचे खास रिपोर्ट आणि छपाईचे नमुने मात्र रिकामे येऊ शकतात. आधी बॅकअपची प्रत वेगळ्या सर्व्हरवर उतरवून तिथे अपग्रेड करा. दोन्हीकडे एकाच तारखेचा स्टॉक बॅलन्स काढून आयटम, गोदाम, बॅच, संख्या आणि किंमत रकान्याला रकाना लावून जुळवा. मग ‘स्टॉक अँड अकाउंट व्हॅल्यू कंपॅरिझन’ रिपोर्ट चालवा, कारण संख्या जुळूनही खातेवहीतली रक्कम वेगळी असू शकते. ज्या कागदावर फरक दिसेल तो आधी जुन्या आवृत्तीतच दुरुस्त करा आणि मगच चालू सर्व्हरला हात लावा.